वेताच्या खुर्चीवरचा फोकस

एक गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, आणि ज्या मित्रापाशी बाकी सगळं बोलतो त्यालाही नाही. एका वयस्कर माणसाने माझ्या हातात भिंग दिलं आणि म्हणाला, मला आता नीट दिसत नाही, तू बघून सांग. मी बघितलं. जे दिसलं त्याच्या नेमकं उलट सांगितलं. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला आणि त्या दिवसापासून स्वतःच्या डोळ्यांवर ठेवणं सोडून दिलं.

एवढंच. यात कुणाचा जीव गेला नाही, कुणाचं घर मोडलं नाही. म्हणूनच बहुधा सांगायची कधी वेळ आली नाही. ऐकणारा म्हणाला असता, यात काय एवढं, आणि मला ते ऐकून बरं वाटलं असतं. तसं बरं वाटून घ्यायचीच मला भीती वाटत होती.

मी पुण्याहून दिल्लीला आलो तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. बाजार नुकता खुला झाला होता. परदेशी कंपन्या येत होत्या, त्यांच्या मागे जाहिरात कंपन्या, आणि त्यांच्या मागे आमच्यासारखे गळ्यात कॅमेरा अडकवलेले लोक. दिल्लीतलं भाडं झेपेना, म्हणून मी फरीदाबादला एका मराठी कुटुंबाच्या घरात वरची खोली घेतली. सकाळी चार्टर्ड बसने दिल्लीत जायचं, संध्याकाळी त्याच बसने परत.

घरमालक केंद्र सरकारच्या एका खात्यातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी त्यांनी खात्याच्या फोटो विभागात केली होती. धरणं, पूल, यंत्रं, नकाशे, उद्घाटनं. मी त्यांना काका म्हणायचो आणि त्यांच्या पत्नीला काकू. त्यांची एकुलती एक मुलगी तेव्हा कॉलेजात होती, मला दादा म्हणायची. दिल्लीतच वाढलेली, त्यामुळे "दादा, आईने खाली बुलावलंय" असं तिचं मराठी. काकू दर वेळी तिला सुधारायच्या आणि ती दर वेळी तेच म्हणायची.

खात्याने जुने मोठे कॅमेरे कंडम ठरवून लिलावात काढले, तेव्हा काकांनी त्यातला एक घरी आणला होता. तिपाईवर उभा करायचा, पुढे लेन्स, मध्ये काळा भाता, मागे घासलेली काच. डोक्यावर काळं कापड घ्यायचं आणि त्या काचेवर उलटी पडलेली प्रतिमा भिंगातून बघत फोकस करायचा. त्यात रोल नसतो, एकेक सुटी शीट असते, साधारण पोस्टकार्डाएवढी. एका होल्डरमध्ये दोन बाजूंना दोन शीट बसतात. होल्डर आत सरकवला की काच झाकली जाते. मग फोटो घेणाऱ्याला आतलं काहीच दिसत नाही. जे ठरवायचं ते आधी ठरवायचं आणि मग हात लावायचा नाही.

माझ्या पस्तीस एमएमच्या कॅमेऱ्याची निगेटिव्ह मोठ्या टपाल तिकिटाएवढी. काका त्याला खेळणं म्हणायचे. "आण बरं तुझं ते खेळणं," म्हणून हातात घ्यायचे, आणि दोन बोटांत धरून परत द्यायचे.

मला ते टोचायचं, कारण त्याच सुमाराला ऑफिसात त्या खेळण्यावरून माझी शोभा झाली होती. गुडगावच्या शेतांत तेव्हा टॉवर उभे राहायला लागले होते. आमच्याकडे एका बिल्डरचं काम आलं. त्याच्या पहिल्या इमारतीचा फोटो मी काढला, ब्रोशरमध्ये तो छान दिसला, आणि मग कुणीतरी तोच हायवेवरच्या होर्डिंगसाठी ताणला. टपाल तिकिटाचं होर्डिंग केलं की काय व्हायचं तेच झालं. फिल्मचा दाणा वर आला. बिल्डरचा माणूस होर्डिंगखाली उभा राहून माझ्या साहेबांना म्हणाला, "सर जी, ये बिल्डिंग है या सूजी का हलवा?" या रव्याच्या शिऱ्यावर साहेब हसले. मीही हसलो. बसमध्ये बसल्यावर माझे कान गरम झाले होते.

पुढचं काम मोठ्या फिल्मवर पाहिजे, नाहीतर दुसरा माणूस बघू, असं साहेबांनी सांगितलं. मोठा कॅमेरा भाड्याने घेण्याएवढी आमची कंपनी उदार नव्हती. मी काकांना विचारलं. ते म्हणाले, "नेऊ शकतोस. पण आधी शीक. हे खेळणं नाही."

शिकवणी गच्चीवर सुरू झाली. दिवाळी होऊन गेली होती. काकूंनी उन्हात एका चादरीवर पापड आणि सांडगे घातले होते. काकांनी लाइट मीटर धरला आणि मला आकडा वाचायला सांगितला.

"आता हा आकडा तुझ्या कॅमेऱ्यासाठी की माझ्या?"

"तुमचा मोठा आहे. त्याला जास्त लागत असेल."

"हे बघ. एवढ्याशा सांडग्याला ऊन कमी लागतं आणि एवढ्या मोठ्या पापडाला जास्त, असं असतं का?"

"नाही. जागेवर तेवढंच लागतं."

"झालं तर मग. फिल्म लहान असो की मोठी, ॲपर्चर तेवढंच, शटर तेवढंच, तर एक्स्पोजर तेवढंच. मीटर दोघांनाही एकच सांगणार. उजेडाला काय माहीत मागे काय लावलंय."

पापड सरळ करत काकू म्हणाल्या, "आणि माझ्या पापडांवर सावली पाडून उभे राहिलात तर दोघांनाही काही लागणार नाही. सरका."

आम्ही सरकलो. काका म्हणाले, "मोठ्याचा फायदा दाण्यात. कमी ताणावी लागते, म्हणून दाणा दिसत नाही, पापणीचा केस न केस येतो. पण दुसरा एक फरक आहे, तो खोलीचा. पुढचं किती आणि मागचं किती एकदम फोकसमध्ये राहतं त्याचा. तो मुख्य." तेवढ्यात मुलीने खालून हाक मारली, गॅस संपला होता. काका सिलिंडर बदलायला गेले. "कॅमेरा लावू तेव्हा दाखवतो," जिन्यावरून म्हणाले.

मी पुन्हा विचारलं नाही. मला वाटलं, कामाचं ते कळलं. मीटर एकच आकडा सांगतो, म्हणजे माझा अनुभव मोठ्या कॅमेऱ्यालाही जसाच्या तसा चालेल. आयुष्यातली माझी सगळ्यात महागात पडलेली समजूत ती हीच. महागात दुसऱ्याला पडली.

त्याच हिवाळ्यात काकूंचं दुखणं वाढलं. त्यांचे हात आधीपासून कापायचे, आता मानही हलायला लागली. डॉक्टर सांभाळून बोलत होते, आणि ते सांभाळून बोलणं आम्हा सगळ्यांना कळत होतं. एका रविवारी मुलगी जुने अल्बम काढून बसली आणि तिच्या लक्षात आलं, की आई-बाबांचा एकत्र असा एकही फोटो घरात नाही. लग्नातला होता तो घर बदलताना ओलीने खराब झालेला. त्यानंतर प्रत्येक फोटोत काकू आहेत, मुलगी आहे, पाहुणे आहेत, कुतुबमिनार आहे. काका नाहीत. काका कॅमेऱ्यामागे. फोटोग्राफरच्या घरात असंच असतं, आणि कुणाच्या ते लक्षातही येत नाही.

"बाबा, एक फोटो. दोघांचा. मोठा. भिंतीवर लावायचाय."

काका उठले. त्यांनी कपाटातून शीट फिल्मचा डबा काढून आणला. तारीख उलटून गेलेली, आत दोनच शीट. चांदणी चौकातल्या त्यांच्या दुकानदाराने ती फिल्म मागवणं बंद केलं होतं. "एक होल्डर आहे," ते म्हणाले. "दोन बाजू. पुरे."

आणि माझ्याकडे बघून, "तू दाबशील. मी सगळं लावून देईन. तू हात फक्त शटर दाबायच्या केबलला लावायचास."

तो दिवस मला नको इतका आठवतो. जानेवारी. अकरा वाजून गेले तरी धुकं उठलं नव्हतं. काकूंना गच्ची चढवत नव्हती, म्हणून व्हरांड्यात मांडामांड केली. मागे राखाडी ब्लँकेट टांगलं. पुढे वेताच्या पाठीची जुनी खुर्ची. लाइट गेली होती आणि शेजारच्या वर्कशॉपचा जनरेटर धडधडत होता.

काकूंना फार वेळ बसवत नसे, म्हणून काकांनी रिकाम्या खुर्चीवर फोकस केला. काळ्या कापडाखाली ते इतका वेळ राहिले की मी घड्याळ बघितलं. बाहेर आले, चष्मा पुसला, पुन्हा आत गेले. तिसऱ्यांदा गेले. मोतीबिंदू वाढत होता हे त्यांनी आम्हाला सांगितलं नव्हतं, पण जिन्याच्या पायरीवर पाय चाचपडायला लागला होता. मी म्हटलं, "काका, मी बघू का?"

"नको. लागलाय." मग जरा थांबून, "वेतावर लागलाय. ती वेताच्या थोडी पुढे बसणार, मी थोडा मागे उभा राहणार. मध्यावर फोकस, बाकीचं बावीस सांभाळेल."

बावीस म्हणजे ॲपर्चर. लेन्सचं भोक अगदी बारीक. त्यामुळे शटर एक सेकंदाचं. एवढ्या मंद उजेडात दुसरा इलाज नव्हता. होल्डर आत गेला, काच झाकली गेली.

मुलीने आईला धरून आणलं आणि खुर्चीत बसवलं. काका वाकून त्यांची शाल सारखी करत होते, पदर कुठून दिसेल ते सांगत होते. त्या क्षणी मी सवयीने माझं खेळणं उचललं आणि एक फोटो काढला. माझ्यात जास्त वेगाची फिल्म होती. ॲपर्चर पाच-सहा, म्हणजे पाच पॉइंट सहा, भोक बरंच उघडं; शटर एकसाठांश सेकंदाचं. काकांचं लक्षही गेलं नाही.

"मान हलतेय म्हणून नको म्हणत होते मी," काकू म्हणाल्या. "बघणाऱ्याला वाटेल, मी नाहीच म्हणतेय."

"चाळीस वर्षं तेच तर म्हणत आलीस," काका म्हणाले आणि खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. काचेवर चमक येते म्हणून त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मुलगी उजेड परतवण्यासाठी एका बाजूला पांढरी चादर दोन्ही हातांनी उंच धरून उभी राहिली. तिचा चेहरा चादरीमागे होता.

म्हणजे माझ्याकडे बघणारं कुणीच नव्हतं. हे मी तेव्हा मोजलं होतं की नाही, याचा मी नंतर खूप विचार केलाय. मला वाटतं, मोजलं होतं.

काकूंची मान हलत होती. थोडीच, पण सतत. एक सेकंद. मी मनात एक सेकंद मोजून बघितला. तेवढ्यात मान दोनदा हलली. हा फोटो हलणार, असं मला स्पष्ट दिसलं. दोनच शीट, आणि हा माणूस एका सेकंदाचा हट्ट धरून बसलाय. सांगावं तर काकूंनी थट्टेवारी नेलेला मानेचा विषय त्यांच्यासमोरच गंभीरपणे काढावा लागला असता. शटर चढवायला लेन्सला हात लावावाच लागतो. तो लावला, आणि त्याच हाताने ॲपर्चर बावीसवरून पाच-सहावर उघडलं, शटर एका सेकंदावरून एकपंधरांशावर आणलं. हिशोब चोख होता. चार पायऱ्या इकडे, चार तिकडे. सांडग्याला लागेल तेवढंच ऊन पापडाला. पाच-सहावर माझ्या कॅमेऱ्यात दोन माणसं पुढेमागे असली तरी नीट येतात, हे मी शंभर वेळा केलं होतं. आत्ताच केलं होतं.

केबल दाबली. होल्डर उलटा करून पुन्हा दाबली.

"झालं?" काका म्हणाले. "सेकंदाचा आवाज नीट आला नाही."

"जनरेटर चालू आहे ना, काका."

ते पहिलं खोटं. लहान होतं.

ॲपर्चर मी परत बावीसवर नेऊन ठेवलं. तेही सांगून टाकतो. ज्याला आपण बरोबर केलंय अशी खात्री असते, तो असं करत नाही.

काकांनी न्हाणीघराच्या खिडकीला काळा कागद लावून शीट धुतल्या. जुन्या खात्यातला एक ज्युनियर दिल्लीत लॅब चालवायचा, त्याच्याकडून मोठा प्रिंट करून घेतला. तो पुढच्या रविवारी कागदी नळीतून घरी आला. ते आठ दिवस मी नीट जेवलो नाही. काही चुकलं असेल असं वाटत होतं म्हणून नव्हे. उलट, काहीच चुकलं नसेल आणि मग काका विचारतील, की मान हलली कशी नाही, या धास्तीने. सांगायचं वाक्य मी तयारसुद्धा ठेवलं होतं. "काका, मी जरा बदल केला होता." विजयी आवाजात सांगायचं होतं.

मुलीने जेवणाच्या टेबलावर प्रिंट उलगडला आणि चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. काकूंची मान हललेली नव्हती. पण चेहऱ्यावर जणू दुधावरची साय धरली होती. डोळे होते, डोळ्यांतली नजर नव्हती. मागे काकाही तसेच. दाणा मात्र नावाला नव्हता. एवढी मोठी, एवढी गुळगुळीत, आणि दोघांपैकी एकाचाही चेहरा हाती न लागणारी तसबीर.

काकांनी प्रिंट डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, खिडकीशी नेला. मग म्हणाले, "मला हल्ली सगळंच असं दिसतं. तुम्ही सांगा."

मुलगी म्हणाली, "थोडं सॉफ्ट आहे बाबा. पण छान आहे. बिल्कुल छान आहे."

"छान नको. शार्प आहे का?"

ती टेबलावरच्या वाट्या गोळा करायला लागली. काकू आरामखुर्चीतून म्हणाल्या, "अहो, या वयात सुरकुत्या नाही दिसल्या तर कुठे बिघडलं. मी तर तिशीतली दिसतेय."

काकांनी निगेटिव्ह आणली. ट्यूबलाइटवर दुधी काच ठेवून केलेली त्यांची पेटी होती, ती लावली. निगेटिव्ह तिच्यावर ठेवली, भिंग माझ्या हातात दिलं.

"इकडे ये. खुर्चीच्या पाठीचा वेत बघ. माझा फोकस तिथे होता. वेत कापल्यासारखा दिसत असेल तर माझा डोळा बरोबर होता, आणि दुसरं काहीतरी चुकलंय. ते शोधता येईल. वेतही मऊ असेल, तर मीच चुकलो. मला नाही दिसत. तू बघून सांग."

मी वाकलो. काकूंच्या खांद्याशेजारी वेताची जाळी होती; प्रिंटमध्ये चेहऱ्यांवरून कुणाची नजर तिच्याकडे गेलीच नव्हती. एकेक पट्टी वेगळी. एका ठिकाणी एक पट्टी तुटून वर आली होती, तिचं टोक चिरफाळलेलं, त्या टोकाचे तंतू मोजता आले असते. इतकं शार्प काही मी तोवर कुठल्याही निगेटिव्हवर पाहिलं नव्हतं. मोतीबिंदू झालेल्या माणसाने काळ्या कापडाखाली तीनदा जाऊन लावलेला तो फोकस होता, आणि केसभरही हललेला नव्हता. मी भिंग वीतभरही नाही, बोटभर सरकवून काकूंच्या चेहऱ्यावर आणलं. साय. मागे काकांच्या चेहऱ्यावर. साय.

तेव्हा गच्चीवरची राहिलेली अर्धी शिकवणी मला एका दमात कळली. एक्स्पोजर दोन्हीकडे तेवढंच असतं. खोली नसते. मोठ्या फिल्मला लांब लेन्स लागते, आणि लांब लेन्सच्या पाच-सहामध्ये जेमतेम एक वेताची जाळी मावते. पुढचा माणूस मावत नाही, मागचा मावत नाही. म्हणून बावीस. म्हणून तो सेकंद.

काका वाट बघत होते. त्यांचा हात पेटीच्या कडेवर होता. मुलगी बघत होती. पुढच्या मंगळवारी तो कॅमेरा घेऊन मी गुडगावला जायचं ठरलं होतं, साहेबांना तसं सांगून झालं होतं. हे सगळं त्या दोन श्वासांत माझ्या डोक्यात होतं, आणि त्याहून जास्त होती ती निव्वळ लाज. हात फक्त केबलला लावायचास, असं सांगितलं होतं.

"नाही काका," मी म्हटलं. "वेतही सॉफ्टच आहे."

त्यांनी भिंग माझ्याकडून घेतलं, सदऱ्याच्या टोकाने पुसलं आणि डबीत ठेवलं.

"अच्छा," ते म्हणाले.

दुसरी निगेटिव्ह बघायला त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मी तेच म्हटलं असतं.

सोमवारी संध्याकाळी मी बसमधून उतरून आलो तर कॅमेऱ्याची पेटी माझ्या खोलीच्या दाराशी, वरच्या पायरीवर ठेवलेली होती. तिपाई भिंतीला टेकवलेली. एवढं ओझं त्यांनी जिन्यावरून एकट्याने वर कसं आणलं असेल, कोण जाणे. मी खाली गेलो. ते बातम्या बघत होते. "मंगळवारपुरता नको," म्हणाले. "ठेवूनच घे. ज्याला काच दिसत नाही त्याने तो कशाला सांभाळायचा." मी नको म्हटलं. एकदाच म्हटलं.

गुडगावचं काम चांगलं झालं. सगळं बावीसवर घेतलं. होर्डिंगवर टॉवरची खिडकी न खिडकी दिसत होती, तळमजल्यावरच्या माळ्याच्या हातातली नळीसुद्धा. त्या एका कामातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. गुडगाव, नोएडा, गाझियाबादची नवी सेक्टर्स. माझं जे काही नाव झालं ते त्या कॅमेऱ्यावर झालं.

आता माझ्याकडे शीटचे डबेच्या डबे यायला लागले, ऑफिसच्या कामाचे. एकदा धीर करून मी म्हटलं, "काका, फिल्म आहे. काकूंचा आणि तुमचा पुन्हा काढू या का?" ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले, म्हणजे माझ्या दिशेने. "तिला पुन्हा उठवून बसवायचं," ते म्हणाले, "आणि माझ्या डोळ्यामुळे पुन्हा वाया घालवायचं. नको रे." त्या वेळी मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की तुमच्या डोळ्यामुळे नव्हतं. मी म्हटलं, "बघा, विचार करा." होळीच्या आधीच काकू हॉस्पिटलात गेल्या, आणि घरी आल्या नाहीत.

तेराव्याला टेबलावर ठेवायला काकूंचा एकटीचा जुना फोटो निवडला, काकांनीच काढलेला. साय धरलेला प्रिंट नळीत गुंडाळून कपाटावर गेला. मी उन्हाळ्यात ते घर सोडलं. दिल्लीत भाडं परवडायला लागलंय, असं सांगितलं. खरं म्हणजे खालून काकांच्या खोकल्याचा आवाज आला की, आता ते वर येणार आणि विचारणार, असं मला रोज वाटायचं. ते कधीच वर आले नाहीत.

दोन वर्षांनी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मी भेटायला गेलो. त्यांनी मला दारातच ओळखलं, माझ्या शर्टाचं एक बटण वेगळं आहे हेही सांगितलं. ती निगेटिव्ह कॅमेऱ्याच्या पेटीतून माझ्याकडेच आली होती. त्यांनी ती मागितली असती किंवा कपाटावरचा प्रिंट उलगडला असता, तर एका मिनिटात सगळं उघड झालं असतं. त्यांनी दोन्हींतलं काही केलं नाही. मुलगी म्हणाली, "दादा, तूच सांग बाबांना. नजर आली परत, आता एखादा छोटा कॅमेरा तरी घ्या म्हणते, तर ऐकत नाहीत." काका म्हणाले, "नजर आली. भरवसा नाही आला." ते हसून म्हणाले होते. चहा घेऊन मी निघालो. सांगायची ती सगळ्यात सोपी वेळ होती, आणि ती मी चहाबरोबर गिळली.

त्यांनी पुन्हा कधीही फोटो काढला नाही. नातवंडांचेही नाही.

गेल्या वर्षी ते गेले. मुलगी आता नोएडाला असते, तिची मुलं मोठी झाली. मध्यंतरी तिचा मेसेज आला. "दादा, आई-बाबांचा दोघांचा तो एकच फोटो, आणि तोही बाबांच्या डोळ्यांमुळे बिघडला. बाबा शेवटपर्यंत तेच म्हणायचे. तुझ्याकडे दुसरा काही आहे का रे? कसाही चालेल."

मी जुने रोल काढले. एका पट्टीवर तो आहे. माझ्या खेळण्याने काढलेला, धुक्यातल्या त्या व्हरांड्यातला, पाच-सहावर, एकसाठांशावर. काका वाकून काकूंची शाल सारखी करतायत आणि काकू वर बघून त्यांना काहीतरी ऐकवतायत. दाणा भरपूर आहे, ताणला तर रवा होईल. पण दोघंही फोकसमध्ये आहेत. हे मला तेव्हाही माहीत होतं. काकू गेल्या त्याच आठवड्यात मी तो रोल धुतला होता. दाखवला नाही, कारण काका म्हणाले असते, त्याच उजेडात तुझा आला, मग माझा का नाही? आणि पाच मिनिटांत उत्तरापाशी पोचले असते.

मोठी निगेटिव्हही मी परवा स्कॅन केली. पडद्यावर वेताची तुटलेली पट्टी माझ्या तळहाताएवढी झाली, तरी तिचे तंतू मोजता येतात. काकांना हे कधी कळलं होतं का, मला ठाऊक नाही. कळलं नसावं. कळलं असतं तर त्यांनी पुन्हा कॅमेरा हातात घेतला असता.

तिच्या मेसेजला मी "शोधतो" एवढं उत्तर दिलं. त्याला चार महिने झाले. मी तिला दोन गोष्टी देणं लागतो. एक त्या छोट्या निगेटिव्हचा प्रिंट, जेवढा मोठा होईल तेवढा. आणि दुसरं, तिच्यासमोर बसून सांगायचं हे: तुझ्या बाबांचा फोकस बरोबर होता, ॲपर्चर मी बदललं, आणि त्यांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो.